वाचकांचे प्रश्न: अंडरग्राउंड खाणी बंद का होत गेल्या?

प्रश्न: माझे बाबा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) अंडरग्राउंड खाणीत लोडर होते, टोपलीने कोळसा उचलून टबमध्ये भरायचे. आता आमच्याकडे घुगुस-वणी पट्ट्यात जिकडे बघावं तिकडे ओपनकास्टच, म्हणजे वरून खोदलेल्या उघड्या खाणी, मातीचे डोंगर आणि डंपर. अंडरग्राउंडमध्ये निदान जमीन तरी वाचत होती ना? आणि कोळसा संपल्यावर या खड्ड्यांचं काय?
(एक वाचक, घुगुस)

उत्तर: बाबांना आधी नमस्कार सांगा, टोपलीने टब भरणं म्हणजे काय असतं ते केलेल्यालाच माहीत.

अंडरग्राउंडमध्ये छत टिकावं म्हणून कोळशाचेच खांब उभे ठेवतात, म्हणजे पहिल्या फेरीत बराचसा कोळसा आतच राहतो, मग खांब काढायचे तर छत कोसळू द्यायचं नाहीतर पोकळीत वाळू भरायची, आणि हे सगळं करायला माणसं भरपूर लागतात. ओपनकास्टमध्ये वरची माती आणि दगड उडवून बाजूला केले की जवळपास सगळा कोळसा हाती येतो, वर छतच नाही त्यामुळे ते अंगावर यायची भीती नाही. वेकोलिने २०२३-२४ मध्ये सुमारे ६.९ कोटी टन कोळसा काढला, त्यातला बहुतेक सगळा ओपनकास्टचा. हिशोबात अंडरग्राउंड तोट्यात जाते म्हणून ती मागे पडली.

पण जमीन वाचत होती असं पूर्ण म्हणता येत नाही. तुमच्याच घुगुसच्या अमराई वॉर्डात ऑगस्ट २०२२ मध्ये एक अख्खं घर जमिनीत गडप झालं, खाली जुनी अंडरग्राउंड खाण होती, घरातली माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. खाण बंद झाली तरी खालची पोकळी तशीच असते हो.

ओपनकास्टचं नुकसान मात्र डोळ्यांना दिसतं. जमीन १९५७ च्या कोल बेअरिंग एरियाज कायद्याने घेतली जाते, दोन एकरामागे एक नोकरी असा कोल इंडियाचा, म्हणजे वेकोलिच्या मूळ कंपनीचा, नियम आहे, पण ज्याची अर्धा एकर गेली त्याने काय करायचं? नोकरी एका पिढीची आणि शेत कायमचं गेलं, हे मला कधीच पटलेलं नाही. शिवाय ढिगाऱ्यांवर काटेरी बाभूळ माजते आणि तिच्यात बिबटे-वाघ राहतात, चंद्रपूरच्या दुर्गापूर भागातल्या लोकांनी हे भोगलंय.

खड्ड्यांचं म्हणाल तर २००९ पासून प्रत्येक कोळसा खाणीला क्लोजर प्लॅन, म्हणजे खाण बंद करताना जमीन सावरायची योजना, करावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखलेल्या खात्यात, दरवर्षी ठेवावे लागतात. चांगली कामंही झालीत, सावनेरला खाणीशेजारी इको पार्क आहे, गोंडेगावला ढिगाऱ्यातून वाळू काढतात. तुमच्या खाणीच्या पर्यावरण मंजुरीच्या पत्राची प्रत ग्रामपंचायतीकडे यायला हवी, ती मागा, माती परत किती भरायची आणि झाडं कुठे लावायची ते त्यात लिहिलेलं असतं.

प्रश्न: वेकोलि राज्य सरकारची कंपनी आहे का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: नाही, केंद्राची. वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड म्हणजे वेकोलि, १९७५ मध्ये स्थापन झालेली कोल इंडियाची उपकंपनी, मुख्यालय नागपुरात. खाणी नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ आणि मध्य प्रदेशात बैतूल-छिंदवाड्यात. राज्याचा संबंध मुख्यतः रॉयल्टीपुरता आणि गिऱ्हाईक म्हणून, कारण महाजेनको या राज्याच्या वीज कंपनीच्या चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा या वीज केंद्रांना इथला कोळसा जातो.