अळणी भाजीची गोष्ट कोणी सांगायची?

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा दर मंगळवारी आणि गुरुवारी हॉकीच्या सरावाला म्हणून सायकल काढून बाहेर पडत असे. प्रत्यक्षात त्याने सराव सोडून दोन महिने झाले होते आणि तो वेळ तो गावातल्या वाचनालयात एकटाच बसून काढत होता, हे त्यांना प्रशिक्षकांच्या एका साध्या चौकशीमुळे कळले. घरी जाब विचारल्यावर तो आधी गप्प राहिला आणि मग एवढेच म्हणाला, "तुम्ही तरी आजीला कुठे खरं सांगता?" त्याच्या वडिलांची नोकरी गेल्याला सहा आठवडे झाले आहेत, नवी नोकरी शोधायला निवासाच्या परवान्याने दिलेली मुदत जास्तीत जास्त तीन महिन्यांची आहे, आणि सांगलीला दर रविवारी होणाऱ्या व्हिडिओ कॉलवर मात्र "सगळं छान चाललंय" हे वाक्य ठरल्याप्रमाणे उच्चारले जाते. भगिनींनी पत्राच्या शेवटी विचारले आहे की, मुलाला प्रामाणिकपणा शिकवणाऱ्या काही चांगल्या मराठी गोष्टी सुचवाव्यात.

गोष्टी सुचवतो, परंतु त्याआधी मुलाच्या त्या वाक्याविषयी लिहिणे भाग आहे. ते वाक्य उद्धट वाटले, तरी त्यात खोटे काही नाही. "मोठ्यांच्या गोष्टीत तू बोलू नकोस" असे उत्तर आपण दिले असेल, तर ते मागे घ्यावे, असे मी सुचवीन. आपण सासूबाईंपासून नोकरीची बातमी लपवलीत ती त्यांना घोर लागू नये म्हणून, आणि मुलाने सराव सोडल्याचे लपवले ते, माझा अंदाज असा की, आधीच वाकलेल्या आईवडिलांवर आणखी एक ओझे नको म्हणून, किंवा संघात आपली डाळ शिजत नाही हे सांगण्याची लाज वाटली म्हणून. या दोन्ही लपवाछपवी एकाच घरात, एकाच पद्धतीने शिकल्या गेल्या आहेत. आपल्याकडे खोटे बोलणे पाप आहे हे मुलांना लहानपणापासून सांगितले जाते, पण "त्यांना उगाच कशाला काळजी" या सबबीखाली जे बोलले जात नाही, त्याला आपण खोट्यात धरतच नाही. परदेशी राहणाऱ्या कुटुंबांत तर ही सबब दोन्ही बाजूंनी चालते. तिकडे सासऱ्यांची अँजिओप्लास्टी होऊन जाते आणि मुलाला महिन्यानंतर सांगितले जाते, इकडे नोकरी जाते आणि तिकडे नवी लागल्यावरच सांगायचे ठरते.

गोष्टीचा उपयोग नेमका इथे होतो. मुलाला समोर बसवून "तू खोटे का बोललास" असे विचारले की तो आरोपी होतो आणि आपण न्यायाधीश. तेच प्रश्न गोष्टीतल्या एखाद्या माणसाविषयी विचारले, तर आईवडील आणि मुलगा एकाच बाकावर बसून तिसऱ्याकडे पाहतात. मात्र त्यासाठी गोष्टीच्या शेवटी तात्पर्य विचारण्याची शाळेतली सवय सोडावी लागते. तात्पर्य विचारले की मुले आपल्याला हवे असते ते उत्तर देतात. तोही एक छोटासा अप्रामाणिकपणाच, आणि तो आपणच त्यांना शिकवलेला असतो.

सुरुवातीला मी 'श्यामची आई' सुचवीन, आणि हे नाव वाचून आपण किंचित हसला असाल, तर तेही मला समजते. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, 1935 साली ते प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून मराठी घरांत त्याची दोन रूपे नांदत आली आहेत: एक, ज्यावर अश्रू ढाळायचे ते, आणि दुसरे, ज्याची थट्टा करायची ते. या दोन्ही रूपांच्या गडबडीत पुस्तकातले बारकावे वाचायचे राहून जातात. त्यातले 'अळणी भाजी' हे प्रकरण आपल्या घरासाठीच लिहिले आहे असे वाटावे इतके नेमके आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवायला बसतात, त्यांना ते पहिल्याच घासाला कळते, पण ते तक्रार न करता जेवतात. वडील काही बोलत नाहीत म्हणून मुलेही बोलत नाहीत. शेवटी आई स्वतः जेवायला बसते, तेव्हा तिला आपली चूक कळते, आणि आपण घरच्यांना असे अळणी वाढले याची तिला हळहळ लागून राहते. दुसऱ्याचे मन दुखवू नये म्हणून गप्प जेवणारे वडील आणि आपल्या हातून कमी पडले म्हणून हळहळणारी आई, या दोघांनाही श्याम थोर मानतो.

मी हे प्रकरण शाळेत असताना पहिल्यांदा वाचले, तेव्हा मला त्यातला संयम आवडला होता. आज वाचताना मात्र माझे लक्ष त्या मुलांकडे जाते. घरात काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, तरी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहून ती शिकली आहेत. आणि वडिलांनी आईला दुःख होऊ नये म्हणून जे केले, त्यानेच आईला दुःख झाले, फक्त ते एक तास उशिरा झाले आणि तिला ते एकटीने भोगावे लागले. श्यामच्या निष्कर्षाशी असहमत होण्याचा अधिकार वाचकाला आहे, आणि चौदा वर्षांच्या मुलाला तर तो आवर्जून द्यावा. त्याला एवढेच विचारावे: तू त्या पंगतीला असतास तर मीठ मागितले असतेस का? तो "हो" म्हणाला तर कसे मागितले असते, हे विचारावे. "नाही" म्हणाला तर का नाही, हे विचारावे, आणि मग आपण स्वतः काय केले असते, हेही सांगावे. हॉकीचा विषय त्या संध्याकाळी आपण होऊन काढू नये. तो यायचा असेल तर येईल.

त्याच पुस्तकात 'मोठा होण्यासाठी चोरी' असे एक प्रकरण आहे. श्यामला वाचनाची, शिकून मोठे होण्याची इतकी ओढ असते की, पुस्तकासाठी तो घरी आलेल्या पाहुण्याचे पैसे चोरतो, आणि पुढे आईपाशी रडत कबुली देतो. तिथे आई त्याच्यावर हात उगारत नाही. कबूल केलेस ना, मग आता पुन्हा असे करू नकोस, अशा अर्थाचे ती बोलते आणि विषय संपवते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, कबुली आधी येते ती आईच्या विश्वासाच्या ओझ्यामुळे, धाकामुळे नव्हे. आपल्या मुलाने दोन महिने जे लपवले, ते तो उद्या स्वतःहून सांगू लागला, तर पहिली पाच मिनिटे आपला चेहरा कसा राहील, याची तयारी आपण आणि आपल्या यजमानांनी आधी करून ठेवावी. हे ऐकायला सोपे वाटते, पण मला स्वतःला ते बऱ्याच वेळा जमलेले नाही.

या पुस्तकाबाबत एक सावधगिरीची सूचना. हीच आई दुसऱ्या एका प्रकरणात पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला मारून विहिरीवर पाठवते. काळ वेगळा होता, हे खरे आहे, पण ते प्रकरण मुलासोबत वाचले, तर त्याला त्या माराविषयी काय वाटते, ते मोकळेपणी बोलू द्यावे. ते योग्यच होते, असे समर्थन करीत बसू नये. तसेच "बघ, श्याम आईसाठी काय काय करायचा" हे वाक्य चुकूनही उच्चारू नये. ज्या घरांत या पुस्तकाचा तिटकारा निर्माण झाला आहे, तिथे तो बहुधा याच वाक्याने झालेला आहे.

वाचायचे कसे, हा प्रश्न परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत खराच असतो. आपला मुलगा मराठी बोलतो पण वाचताना अडखळतो, असे आपण लिहिले आहे. हे पुस्तक मुळात सांगितलेल्या गोष्टींचे आहे. श्याम रोज रात्री प्रार्थनेनंतर मित्रांना एकेक आठवण सांगतो आणि प्रकरणांना 'रात्र' असेच म्हटले आहे, अशा बेचाळीस रात्री. तेव्हा ते मोठ्याने वाचून दाखवावे, रोज नव्हे, आठवड्यातून दोनदा, आणि तेही जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांत. साने गुरुजींचे निधन 1950 साली झाले, त्यामुळे पुस्तकावरचा स्वामित्व हक्क भारतात संपलेला आहे आणि मूळ मजकूर इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवादही आहे, तो मुलाच्या हाती राहू द्यावा. चर्चा त्याने इंग्रजीत किंवा डचमध्ये केली, तर त्याला मध्येच थांबवून "मराठीत बोल" असे म्हणू नये. मनातले बोलणे आणि मराठीचा सराव ही दोन कामे एकाच वेळी त्याच्याकडून करून घेण्याचा मोह आवरावा. उलट आपल्याकडचे काही शब्द त्याला सहज, ओघात मिळू द्यावेत. 'करमत नाही' हा शब्द घ्या. त्यात कंटाळा आहे, एकटेपणा आहे, कोणाची तरी उणीव आहे, आणि तरीही तो उच्चारायला लाज वाटत नाही. वाचनालयात एकट्याने बसणाऱ्या मुलाला "तुला वाईट वाटतंय का" असे विचारण्यापेक्षा "तुला तिथे करमत नव्हतं का" असे विचारले, तर दार थोडे अधिक उघडे राहते, असा माझा अनुभव आहे.

मुलासाठी एवढे पुरे. आता आपल्या दोघांसाठी एक नाटक सुचवतो, आणि खरे सांगायचे तर आपले पत्र वाचताना मला आधी तेच आठवले. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' हे 1985 साली रंगभूमीवर आले. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात कर्ता पुरुष, तात्याजी, वारले आहेत आणि मुंबईचा मुलगा सुधीर बायकोला घेऊन आला आहे. गावात राहिलेला थोरला भाऊ भास्कर असे धरून चालतो की, मुंबईवाल्याकडे पैसा असणार. सुधीर असे धरून चालतो की, एवढ्या मोठ्या वाड्यात काहीतरी शिल्लक असणारच. प्रत्यक्षात दोघांचेही हात रिकामे आहेत, अंगणात नादुरुस्त ट्रॅक्टर उभा आहे, आणि वडिलांच्या तेराव्याचा खर्च घराण्याच्या इभ्रतीला शोभेल असा कोणी करायचा, यावर सारे अडून बसले आहे. या घरात दुष्ट असे कोणीच नाही. फक्त आपापली खरी परिस्थिती वेळेवर कोणी कोणाला सांगितलेली नाही, आणि आता सांगायला गेले तर ती सबब वाटते.

गेलेला आणि राहिलेला, यांच्यातला हा गैरसमज मुंबई आणि धरणगाव यांच्यात जसा होता, तसाच तो आज आइंडहोवन आणि सांगली यांच्यातही असतो. तिकडच्यांना वाटते की युरो म्हणजे सुबत्ता. आपण तो समज मोडत नाही, कारण तो मोडताना आपलाही काही भाग मोडतो: विमानतळावर निरोप द्यायला आलेल्या माणसांसमोरचा तो आपला चेहरा. आपण पत्रात सासूबाईंच्या रक्तदाबाचे कारण दिले आहे, आणि ते खरे असेलही. पण ही बातमी न सांगण्यात त्यांच्या रक्तदाबाचा वाटा किती आणि आपल्या यजमानांच्या संकोचाचा किती, हे आपण दोघांनी एकमेकांशी एकदा मोकळेपणी बोलून घ्यावे. नाटक वाचायला दोन-तीन तास लागतात. दोघांनी पात्रे वाटून घेऊन मोठ्याने वाचलेत, तर यजमानांना सुधीरचे संवाद द्यावेत.

भालचंद्र नेमाडे यांची 1963 सालची 'कोसला' मी आता नाही, तीन-चार वर्षांनी सुचवीन, मुलगा शिकायला दुसऱ्या शहरात जाईल तेव्हा. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला आलेला पांडुरंग सांगवीकर वडिलांच्या पैशांवर ऐट करतो, परीक्षेत आपटतो, वडिलांशी त्याचे कधी जमत नाही, आणि तो पुण्यात असतानाच गावी त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते. त्या पानांवरचे दुःख त्याला कोणत्याही शहाण्या वाक्यात बसवता येत नाही. त्या वयाच्या मुलाने हे एकट्यानेच वाचावे, आईवडिलांसोबत नव्हे.

आता पुस्तकांच्या कक्षेबाहेरची एक गोष्ट. मुलाची झोप बिघडली असेल, जेवण कमी झाले असेल, मित्रांपासून तो पूर्ण तुटला असेल किंवा जगण्यातच अर्थ नाही अशा अर्थाचे तो काही बोलला असेल, तर गोष्टींची वाट पाहू नये. तिथल्या व्यवस्थेत पहिली भेट हाउसआर्ट्सची, म्हणजे आपल्या नेमलेल्या कुटुंब-डॉक्टरांची घ्यावी लागते, आणि शाळेत प्रत्येक वर्गाला मेंटॉर असतात. सराव का सुटला, याचा काही सुगावा त्यांना असू शकेल. शाळेशी बोलण्याआधी मुलाला तसे सांगून ठेवावे. त्याच्या पाठीमागे बोलणी करून त्याला पारदर्शकतेचे धडे देता येणार नाहीत.

राहिला सांगलीचा फोन. तो येत्या रविवारी करावा, पण नेहमीच्या वेळी नको. नातेवाईक जमलेले नसतील अशी वेळ आधी विचारून घ्यावी. आपल्याकडे सकाळचे दहा वाजतात, तेव्हा तिकडे जेवणे आटोपलेली असतात, ती वेळ बरी. बातमी यजमानांनी स्वतः सांगावी, सुनेने नव्हे, आणि एका दमात सांगावी: नोकरी सहा आठवड्यांपूर्वी गेली, किती महिने पुरेल एवढी शिल्लक आहे, आणि शोध कुठवर आला आहे. आकडे सांगितले म्हणजे ऐकणाऱ्याच्या भीतीला अंत असतो. "आधी का नाही सांगितलंस" असे त्या विचारतील, तेव्हा त्यांच्या तब्येतीचे कारण पुढे करू नये. "सांगायला जीभ रेटली नाही" एवढे म्हटले तरी आईला कळते. मुलाला त्या वेळी खोलीबाहेर पाठवू नये. त्याने फोनवर काही बोलायलाच हवे असे नाही, तो नुसता तिथे बसला तरी चालेल.