जिम्नॅस्टिक्सचं ठरलेलं रूटीन मधेच का बदलतात? मुलीची वर्षभराची मेहनत वाया गेली का?

वाया बिया काही गेलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी भरकटणार आहे.

तुमची मुलगी आठ वर्षांची, जुनं कंपल्सरी रूटीन (म्हणजे सगळ्यांना एकच ठरवून दिलेलं) तिचं छान बसलं होतं, आता नवा संच आलाय आणि क्लासमध्ये परत पहिल्यापासून सुरू केलंय. त्यात तुमचे भाऊजी म्हणतात की ही असली कवायत पाठ करत बसण्यापेक्षा सरळ ऑप्शनल करा, स्वतःचं रूटीन बसवून घ्या. असं तुम्ही लिहिलंय. तर पहिल्यांदा तुमच्या क्लासवाल्यांना माझा नमस्कार सांगा. नवा संच आला आणि त्यांनी तो लगेच शिकवायला घेतला. यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल, म्हणून सांगते.

मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. नव्वदच्या दशकात आमच्याकडं पोरगा झाला की तालीम नाहीतर फुटबॉल, आणि पोरगी असली तर फार तर शाळेत खो-खो. जिम्नॅस्टिक्स म्हटलं की शेजारीपाजारी विचारायचे, पोरीला सर्कशीत घालणार काय? वडिलांनी तरी घातलं. एक हॉल होता, त्यात काथ्याच्या गाद्या, ज्यांच्यावर एक रोल मारला की मानेवर रेघा उठायच्या, आणि एक बीम, म्हणजे तोल सांभाळत चालायची अरुंद पट्टी, जिचं रेक्झिन टोकाला उचकटलेलं, तिथं नेमका पाय अडकायचा. सर वाईट नव्हते, उलट माझा हँडस्टँड आजही सरळ राहतो तो त्यांच्यामुळंच, पोट आत, बरगड्या आत, असं ओरडत तासनतास उभं करायचे. पण एकदा बसवलेलं बदलायचं नाही हा त्यांचा हट्ट.

मुलींच्या फ्लोअरला, म्हणजे जमिनीवरच्या रूटीनला, म्युझिक असतं. कंपल्सरीत सगळ्यांना एकच म्युझिक, एकच संच, कुठल्या ठोक्याला कुठलं पाऊल तेसुद्धा लिहिलेलं. आमची कॅसेट इतकी वाजली होती की टेप ताणून मधला पियानो रेड्यासारखा हंबरायचा, आणि आम्ही त्या हंबरण्यावर बरोब्बर कार्टव्हील टाकायचो.

एका वर्षी नवा संच आला होता. झेरॉक्सचे कागद, काडीची माणसं काढलेली, खाली इंग्रजीत बारीक ओळी, आणि सोबत नवी कॅसेट. तो लिफाफा सरांच्या टेबलाच्या खणात पडून होता. मला कसं माहीत, तर पायाला बांधायची पट्टी त्याच खणात असायची आणि ती काढायला मीच जायचे. विचारलं पण, सर हे काय? तर म्हणाले, "मुंबई-पुण्यावाल्यांचं खूळ हाय ते. दर चार वर्सानं कायतरी नवीन काढत्यात. आपलं बसलंय त्येच करायचं. जज बी माणसंच हायती, चांगलं केलं की देत्यात मार्क."

मग विभागीय स्पर्धा, परगावी. मी फ्लोअरच्या कोपऱ्यात जजला हात करून उभी राहिले, सुरुवातीची पोझ घेतली, आणि सुरू झालं ते म्युझिक मी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. आता काय करणार? केलं. अख्खं जुनं रूटीन त्या नव्या म्युझिकवर केलं, एकही चूक नाही, टाचा जुळलेल्या, टो पॉइंट सगळं व्यवस्थित, आणि माझं संपलं तरी म्युझिक चालूच. पुतळ्यासारखी हात वर करून उभी. दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोरी हसत होत्या ते दिसत होतं.

मार्क काय पडले ते सांगत नाही, तुम्हीच समजा. येताना एसटीत सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, जज पार्शल होते, कोल्हापूरची पोरगी म्हणून पाडली. घरी येऊन वडिलांना तेच सांगितलं. वडिलांना ते इतकं पटलं की पुढं कुणाच्या लग्नाला गेलो तरी "आमच्या पोरीवर अन्याय झाला" सुरू व्हायचं, आणि मी खणातल्या लिफाफ्याचं बोलले की "गप बस, सरांना उलट बोलू नये." वडील जाईपर्यंत हेच चालू होतं.

आता ऐका. जजचं काहीही चुकलं नव्हतं. कंपल्सरीत प्रत्येक भागाला किंमत लिहिलेली असते. तो भाग केला नाही की त्याची किंमत गेली, आणि त्याच्या जागी तुम्ही दुसरं काहीही कितीही सुंदर केलं तरी त्याचं शून्य. त्या काळात आंतरराष्ट्रीय नियमात पडलं की अर्धा मार्क जायचा (आता पूर्ण एक जातो). म्हणजे नवा संच अर्धाकच्चा शिकून, एकदा धडपडून केला असता तरी मला जास्त मार्क पडले असते. हे मी सरांना तोंडावर सांगितलंय, नंतर मोठी झाल्यावर. त्यांनी विषय बदलला.

तुमचा प्रश्न राहिलाच. बदलतात का? एक म्हणजे मोठ्यांचे आंतरराष्ट्रीय नियम प्रत्येक ऑलिम्पिकनंतर सुधारून येतात, खालच्या पोरांना त्याच दिशेनं तयार करायचं तर खालचे संचही कधीतरी हलवावेच लागतात. दुसरं, साधनंच बदलतात. मुलींच्या अनइव्हन बारमध्ये एक उंच आणि एक बुटका असे दोन बार, पूर्वी ते इतके जवळ असायचे की वरच्या बारला लोंबकळून पोरी खालच्या बारवर पोट आपटून तिथून गुंडाळून फिरायच्या. बार लांब सरकले, ती हालचालच संपली. व्हॉल्टचा (पळत येऊन ज्यावरून उडी मारतात तो) जुना घोडा 2001 मध्ये जाऊन रुंद टेबल आलं, त्याच्या आदल्या वर्षी सिडनी ऑलिम्पिकमध्ये घोडा पाच सेंटीमीटर खाली लावल्यानं पोरी पटापट पडल्या होत्या ते आठवत असेल. तिसरं, एकच संच वर्षानुवर्षं राहिला की पोरं नुसतं पाठांतर करतात, अंग शिकत नाही. अमेरिकेत तर वेळापत्रकच असतं, लेव्हल एक ते पाच सगळं कंपल्सरी, आठ वर्षं एक संच आणि मग नवा. आत्ता चालू आहे तो 2021 ते 2029. तिथं कुणी अन्याय अन्याय म्हणून एसटीत बोंबलत नाही.

आणि भाऊजींना सांगा, नादिया कोमानेचीचा तो जगप्रसिद्ध पहिला दहा, 1976 चा माँट्रियलचा, ज्याला बोर्डावर 1.00 दिसलं कारण बोर्डाला दहा दाखवताच येत नव्हते, तो अनइव्हन बारवर कंपल्सरी संचातच मिळाला होता. म्हणजे बाकी सगळ्या पोरी जे करत होत्या अगदी तेच करून. मोठ्यांच्या स्पर्धेतलं कंपल्सरी 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकनंतर बंद झालं, टीव्हीवर तेच तेच बघायला लोक कंटाळतात वगैरे. माझ्या मते तोटाच झाला. आठ वर्षांच्या पोरीचं "स्वतःचं रूटीन" म्हणजे काय माहितीय का, जे येत नाही ते टाळायचं रूटीन. हँडस्टँड वाकडा असेल तर क्लासवाले हँडस्टँडच काढून टाकतात आणि तिथं दोन गिरक्या घालतात, पालक टाळ्या वाजवतात. कंपल्सरीत पळवाट नाही.

2016 ला दीपा कर्माकरचं प्रोदुनोव्हा, म्हणजे हवेत दोन कोलांट्या घ्यायची व्हॉल्टची अवघड उडी, टीव्हीवर दिसलं, रिओत चौथी आली, ब्राँझ 0.150 नं हुकलं, आणि दुसऱ्या आठवड्यापासून माझ्याकडं पालक येऊन विचारायला लागले, आमच्या पिंकीला प्रोदुनोव्हा किती महिन्यात येईल? पिंकीला अजून पुलअप येत नाही हो. (मी आता लहान मुलींना शिकवते, राजारामपुरीच्या बाजूला, स्पर्धेला फारशा नेत नाही.)

तर मुलीच्या जुन्या संचातला हँडस्टँड, कास्ट (बारवरून पाय मागं वर फेकणं), ब्रिज, स्प्लिट खरोखर पक्के असतील तर नवा संच बसायला काही आठवडे लागतील, क्रम तर बदलायचाय. महिनोनमहिने लागत असतील तर जुन्यातही ते पक्के नव्हते, पाठांतर होतं, आणि ते आत्ता कळलं हे बरं झालं. क्लासकडून नव्या संचाचा कागद आणि म्युझिकची फाईल मागून घ्या, आता व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांचं काम आहे, घरी मोबाईलवर ऐकू दे तिला. "नंतर बघू" असं उत्तर आलं तर क्लास बदला. हे मी रागात लिहीत नाहीये. बरं, थोडं रागात लिहितेय.

सर फेसबुकवर आहेत आणि कुणीतरी हे त्यांना पाठवणारच. खुशाल पाठवा.

एक राहिलं. हे सगळं मुलींच्या आर्टिस्टिकचं, रिदमिकचं (रिबन, चेंडू घेऊन करतात ते) गणित वेगळं, त्यातलं मला विचारू नका. स्पर्धा कोण घेतंय त्यावर संच वेगळा असू शकतो, शालेय वेगळा आणि असोसिएशनचा वेगळा असंही होतं, तेव्हा नक्की कुठला शिकवताय ते विचारून घ्या. आणि नव्या संचात वॉकओव्हर वगैरे पाठ वाकवायचं काही असेल आणि ती कंबर दुखते म्हणाली तर नाटकं करते असं समजू नका, थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवा, स्पर्धा राहिली तरी चालेल.