गाणं कोणाच्या नावावर?

गोव्यातल्या डिचोलीहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगा १७ वर्षांचा, बारावी वाणिज्य शाखेत. तीन मित्रांसोबतच्या क्रूमध्ये, म्हणजे गटात, रॅप करायचा, आता एकट्याने गाणी काढायची म्हणतो. खोलीत निप्सी हसल या अमेरिकी रॅपरचं चित्र आहे. ‘मी गेल्यावरही नाव राहिलं पाहिजे,’ असं सारखं म्हणतो, त्याची आईंना धास्ती वाटते. एका कंपनीने करार पाठवलाय आणि त्यावर पालकांची सही हवी आहे. बारावीनंतर कॉलेज नको, असाही मुलाचा हट्ट आहे. वडील खाणीवर ट्रक चालवायचे. सोबत मुलाने लिहिलेल्या काही ओळी जोडल्या आहेत.

नमस्कार ताई,

आधी सहीचं बोलते. आज सही करू नका. १८ पूर्ण होईपर्यंत मुलाने स्वतः केलेला करार कायद्यापुढे टिकत नाही, म्हणून तर ते तुमच्याकडे आलेत. करारात एवढंच शोधा: मास्टर कोणाच्या नावावर राहणार आणि किती वर्षं. मास्टर म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण. त्याचा हक्क वेगळा, शब्दांचा वेगळा, संगीताचा वेगळा. तिन्ही कायमचे लिहून मागितले असतील तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा करार करूनही सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. तुमचा मुलगा ज्याला ‘मागे राहणारं नाव’ म्हणतो, त्याची ही कागदावरची बाजू आहे. ती त्याला जरूर समजावून सांगा. गाणी प्रसिद्ध झाली की इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, या कॉपीराइट संस्थेचं सदस्यत्वही घेऊ दे.

निप्सी हसलचा आदर्श त्याने घेतला याचं मला वाईट वाटत नाही. पण त्याची वाटचाल पूर्ण वाचायला सांगा. पहिली मिक्सटेप, म्हणजे अल्बमआधी स्वतःच काढलेला गाण्यांचा संच, २००५ ची. मग मोठ्या कंपनीशी करार झाला, आणि तो त्यातून बाहेर पडला. २०१३ मध्ये एक मिक्सटेप त्याने नेटवर फुकट दिली आणि तिच्याच १,००० प्रती प्रत्येकी १०० डॉलरला विकल्या. पहिला स्टुडिओ अल्बम आला २०१८ मध्ये, म्हणजे तब्बल १३ वर्षांनी! ३१ मार्च २०१९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याच्याच कपड्यांच्या दुकानाबाहेर त्याला गोळ्या घातल्या गेल्या. संगीतातले दोन ग्रॅमी पुरस्कार त्यानंतर मिळाले. पण ज्या वस्तीत वाढला तिथेच दुकान थाटून, गाण्यांची मालकी आपल्याकडे ठेवण्याचा आग्रह त्याने जिवंतपणीच धरला होता. त्याच्या मरणापेक्षा ही १३ वर्षं मुलाच्या डोळ्यांपुढे राहू देत.

तरीही एकदा शेजारी बसून त्याला सरळ विचारा, हे मरणाचं बोलणं गाण्यापुरतंच आहे ना? जेवण-झोप बिघडली असेल, मित्र टाळत असेल, तर करिअर बाजूला ठेवा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

आता त्या ओळी. त्या मी दोनदा वाचल्या. बाकीच्या गाण्यांत तो मुंबईच्या हिंदीत गल्लीबिल्ली करतो, आणि ते मुंबईच्या मुलांनी आधीच चांगलं केलंय. पण दारात उभा राहून गंजलेला ट्रक आणि हप्त्याची तारीख आली की गप्प होणारे बाबा, हे फक्त त्यालाच लिहिता येईल. गोव्यातल्या खाणी २०१२ ला थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज (भाडेपट्टे) रद्द केल्यावर परत थांबल्या. त्यावर सभा झाल्या, बातम्या आल्या. पण ते दिवस घरात बसून पाहिलेल्या मुलाचा आवाज मी क्वचितच ऐकलाय. घरात कोंकणी, आरती-भजनात मराठी, ही आपली भाषा त्याने दडवू नये. मुंबईच्या स्वदेसी या रॅप गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलासाठी आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणं केलं. जमिनीवरचं दुःख रॅपमध्ये मावतं, हे त्यातून त्याला दिसेल.

क्रू सोडायला हरकत नाही, पण भांडून नको. चौघांनी बसून वहीत लिहावं: कोणत्या गाण्याचे शब्द कोणाचे, बीट (शब्दांमागचं संगीत) कोणाची, वाटा किती टक्के. नेटवर ‘फ्री’ म्हणून मिळणाऱ्या बीटचा परवानाही वाचावा. बहुतेकदा ती कमाईसाठी फ्री नसते.

कॉलेज सोडायला माझा स्पष्ट विरोध आहे. एकट्याने काम करणारा रॅपर हिशेब, बिलं, करार सगळं स्वतःच बघतो, आणि बी.कॉम.मध्ये हेच तर शिकवतात. शिवाय आपल्याकडे पर्यटनाच्या हंगामात हॉटेलांत जे काम मिळतं, ते बहुतेक दुसऱ्यांची गाजलेली गाणी म्हणणाऱ्यांना. स्वतःच्या रॅपवर घर चालायला वर्षं लागतील. तोवर हातात पदवी असली की पहिल्या आलेल्या करारावर घाईने सही करावी लागत नाही. कर्ज काढून महागडा साउंड कोर्स मात्र आत्ता नको.

एक राहिलं. ट्रकच्या ओळी त्याने बाबांना ऐकवल्यात का, हे पत्रात नाही. गाणं बाहेर पडण्याआधी त्यांना ऐकवू दे. हप्ते त्यांचे थकले होते, त्यामुळे एखादी ओळ नको म्हणाले तर ती काढावी.