मेंढरांमागं कुत्रं कुठलं ठेवावं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न (चिकोडी तालुका): नमस्कार सर, माझी साठेक मेंढरं हायेत. लांडगा येतोय, मागच्या महिन्यात दोन कोकरं नेली. मित्र म्हणतोय मुधोळ आण, भाऊ युट्यूबवर ती तुर्कस्तानची कांगल बघून तेच पाहिजे म्हणतोय. काय करू?

उत्तर: दादा, आधी मुधोळचं बोलू. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातली ही जात, २००५ मध्ये तिच्यावर पोस्टाचं तिकीट पण निघालंय, अभिमान वाटावा असंच कुत्रं आहे. पण ते नजरेनं शिकार हेरून तिच्यामागं धावणारं. लांडगे बहुतेक वेळा एकटे नसतात, एकामागं कुत्रं सुसाट गेलं की दुसऱ्याला कोकरू मोकळं सापडतं. राखणीचं कुत्रं मेंढरं सोडून लांब जात नाही, ते मध्ये उभं राहून भुंकतं आणि अंगावर आलं तरच भिडतं. कांगलचं म्हणाल तर जात कामाचीच, नामिबियात चित्त्यांपासून जनावरं राखायला १९९४ पासून शेतकऱ्यांना तुर्की राखणीची कुत्री दिली जातायत. पण पन्नास किलोच्या कुत्र्याला रोजचं खाणं आणि तितकीच मोठी जबाबदारी लागते, रस्त्यानं जाणाऱ्या माणसावर गेलं तर आवरणार कोण? साठ मेंढरांसाठी माझ्या मते त्याची गरज नाही.

तुमच्याच भागातल्या धनगरांच्या खांडात जा, जी कुत्री रात्री वाघरीजवळ, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ, पडून राहतात त्यांचं पिल्लू मागा. अमेरिकेत नावाहो नावाच्या आदिवासी लोकांची मेंढरं वर्षानुवर्षं मिश्र जातीची कुत्रीच राखतायत, तेव्हा जातीच्या कागदापेक्षा आईबाप काय काम करतात ते बघा. मेंढरू अंगावरून गेलं तरी आई शांत राहते का, कोकराच्या मागं लागते का, एवढं स्वतः उभं राहून बघा.

पिल्लू सात-आठ आठवड्यांचं झालं की आणा आणि थेट कोकरांच्या वाड्यात ठेवा, घरात नको. बारक्या पोरांना दिवसभर खेळवायला देऊ नका, नाहीतर ते माणसांना चिकटतं आणि मेंढरं सोडून घरी येऊन बसतं. पण रोज हात लावा, दोरीला बांधायची सवय लावा, म्हणजे डॉक्टरला दाखवताना धरता येतं. सहा महिन्यांनंतर ते वांड होतं, कोकराचे कान ओढतं, लोकर ओढतं, तेव्हा तिथल्या तिथं दरडावून थांबवा, लाड करत बसू नका, पण मारू पण नका. दीड-दोन वर्षांपर्यंत पूर्ण भरवसा ठेवायचा नाही. जमलं तर एक जाणतं आणि एक लहान असं जोडीनं ठेवा. गळ्यात धनगरी काटेरी पट्टा घाला, लांडगा नरडंच धरतो.

प्रश्न (खानापूर तालुका): आमच्याकडं बिबट्या फिरतोय. दोन कुत्री बांधली तर शेळ्या वाचतील का?

उत्तर: नाही वाचणार, आणि बांधलेली कुत्री आधी जातील, कारण बिबट्याला कुत्रं म्हणजे भक्ष्यच. रात्री शेळ्या आणि कुत्री दोन्ही वरून झाकलेल्या, पक्क्या दाराच्या गोठ्यात घ्या. जनावर गेलंच तर ते हलवू नका, वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाई त्यावर मिळते. आणि रागाच्या भरात मेलेल्या शेळीत विष घालू नका, तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि विष कुणाच्याही पोटात जातं, तुमच्या कुत्र्याच्या सुद्धा.

प्रश्न (निपाणी तालुका): जत्रेत बकरं कापलं की आतडी, फुप्फुसं, डोकं कुत्र्याला टाकतो. सासूबाई म्हणतात चालतंय.

उत्तर: ताई, कच्चं अजिबात टाकू नका. त्यातनं कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी, म्हणजे पट्टीसारखा चपटा जंत, होतो, त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर, पाण्यात आणि आपल्या हातावर येतात. एका जातीच्या कृमीनं माणसाच्या लिव्हरमध्ये, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात, दुसऱ्यानं मेंढराच्या मेंदूत गाठ होऊन ते गोल गोल फिरायला लागतं. चांगलं खळखळ उकळून द्या किंवा खोल पुरा. नुसत्या भाकरीवर पण ठेवू नका, अंडं, सुकी मासळी घाला. जंताचं औषध मागताना पट्टकृमीवर चालणारं, म्हणजे प्राझिक्वांटेल असलेलं, असं सांगून मागा, किती दिवसांनी द्यायचं ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दरवर्षी. कुत्रं चावलंच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, हळद-चुना लावत बसू नका.