कोरोला अल्टिसचा मास एअरफ्लो सेन्सर घरी साफ करता येईल का? कार्ब्युरेटर क्लीनर चालेल का?

इंजिनात जाणारी हवा मोजणारा हा सेन्सर घरी साफ करता येतो. सुकायला लागणारा वेळ सोडला तर पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. कार्ब्युरेटर क्लीनर मात्र अजिबात वापरू नका.

पण आधी दोष खरंच सेन्सरचा आहे का ते बघा. तुम्ही सांगितलंय त्यानुसार गाडी १.८ पेट्रोल, चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनर (दोषाचे कोड वाचणारं यंत्र) पी०१७१ हा कोड दाखवतोय आणि चढावर पिकअप कमी वाटतो. पी०१७१ चा अर्थ एवढाच, की मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. सेन्सरवर घाण बसली की तो हवा प्रत्यक्षापेक्षा कमी मोजतो, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या हिशेबाने पेट्रोल कमी सोडतो आणि हा कोड येतो. सेन्सरच्या पुढे पाइप फाटला असेल किंवा क्लिप ढिली असेल, तर न मोजलेली हवा आत शिरते आणि कोड तोच येतो.

फरक ओळखायला स्कॅनरमध्ये शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये तात्पुरती आणि दीर्घकाळची किती टक्के वाढ-घट करतोय ते. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद. आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, दोन्हींची बेरीज +१५ ते +२० टक्के आणि २५०० आरपीएमला ती शून्याकडे येत असेल, तर हवा गळतेय. आयडलला एकूण हवाच थोडी असते, म्हणून गळतीचा वाटा तिथे मोठा दिसतो. उलट आयडलला ठीक आणि रेस दिल्यावर, विशेषतः चढावर, ट्रिम वाढत जात असेल तर सेन्सरवर संशय घ्या. अर्थात पेट्रोलचा दाब कमी पडला तरी असंच चित्र दिसतं, त्यामुळे सेन्सर साफ करून फरक पडला नाही तर फ्युएल पंप आणि फिल्टरकडे वळा. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंतच्या) रबरी पाइपच्या घड्या हाताने ताणून बघा. चिरा घडीच्या आत असतात, वरून दिसत नाहीत.

आता स्प्रे. डब्यावर ‘मास एअरफ्लो सेन्सर क्लीनर’ असं लिहिलेलाच घ्या. लिक्वी मोलीचा २०० मिलीचा डबा येतो, सीआरसीचाही मिळतो. हा स्प्रे मागे काही न ठेवता उडून जातो. कार्ब किंवा ब्रेक क्लीनरमधली द्रावणं प्लास्टिक आणि सेन्सरमधल्या हवा मोजणाऱ्या गरम तारेवरचा लेप खाऊ शकतात. साधा डब्ल्यूडी-४० तेलकट थर ठेवतो, मग धूळ आणखी चिकटते. अगदीच नाइलाज असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल. ७० टक्केवालं नको, त्यात पाणी असतं.

इंजिन थंड होऊ द्या, चावी काढा. सेन्सर एअर फिल्टरच्या डब्यावर, पाइप सुरू होतो तिथेच बसवलेला असतो. आधी भोवतालची धूळ पुसून घ्या, नाहीतर ती भोकातून थेट आत पडेल. कनेक्टरचं लॉक दाबून प्लग काढा. वायर धरून ओढू नका. दोन फिलिप्स स्क्रू आहेत, नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या. बऱ्याच युरोपियन गाड्यांना मात्र टी२० टॉर्क्स लागतो, कधी मधोमध भोक असलेला.

सेन्सर सरळ वर ओढा. बाहेरच्या बाजूला मण्यासारखा दिसतो तो हवेचं तापमान मोजणारा थर्मिस्टर. खरी गरम तार खालच्या अरुंद बोगद्यात असते, तिथे डोकावल्यावर केसाएवढे पाय असलेले दोन बारीक तुकडे दिसतील. त्यांना कापूस, ब्रश, इअरबड काहीही लावू नका, आणि काँप्रेसरची हवाही मारू नका. सेन्सर तोंड खाली करून धरा आणि साधारण १० सेंटिमीटरवरून बोगद्याच्या दोन्ही तोंडांतून, मग मण्यावर, असे दहा-पंधरा छोटे फवारे मारा. खाली पांढरा कागद धरलात तर काय निघालं ते कळेल. स्प्रे पेट घेतो, त्यामुळे हे काम मोकळ्या जागेत करा.

मग आपोआप सुकू द्या. अर्धा तास तरी हवाच, पावसाळी दमट हवेत तासभर. घाई करून ओला सेन्सर जोडला तर गरम होणाऱ्या तारेवर द्रावण राहून सेन्सर जाऊ शकतो. हेअर ड्रायर नको. बसवताना ओ-रिंग फाटलेली नाही ना बघा, हवेच्या दिशेचा बाण इंजिनकडे ठेवा. स्क्रू बोटांच्या जोराने घट्ट झाले की थांबा, प्लास्टिकचे आटे लगेच घसरतात.

स्कॅनरने कोड पुसा. आयडलला हवा साधारण २ ग्रॅम प्रति सेकंदच्या आसपास दिसायला हवी आणि रेस दिल्यावर झटका न देता वाढायला हवी. पन्नासेक किलोमीटर चालवून ट्रिम पुन्हा बघा. ±५ टक्क्यांच्या आत आली तर उत्तम, ±१० पर्यंत चालेल.

एअर फिल्टरही त्याच वेळी बदला. धुऊन वापरायचा, तेल लावलेला फिल्टर असेल तर जास्त झालेलं तेलच तारेवर येऊन बसतं, आणि मग दर काही महिन्यांनी हेच काम निघतं.

डिझेलवाल्यांसाठी एक: सेन्सरचा प्लग काढल्यावर गाडी चांगली पळाली म्हणून लगेच नवा सेन्सर घेऊ नका. बऱ्याच डिझेलमध्ये प्लग काढला की ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद होतो, त्यामुळे दोष ईजीआर व्हॉल्व्हचाही असू शकतो.