नॉर्डलिंगनला मुक्काम कर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एका सुट्टीत जर्मनीतली तीन जुनी गावं उरकायचा तुझा बेत वाचून हसू आलं. तसं केलंस तर स्टेशनंच जास्त बघशील. म्युनिकहून डोनाउवर्थला गाडी बदलून नॉर्डलिंगनला जा आणि रात्री तिथेच राहा. बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यापुरतं दिवसभराचं तिकीट, काढलंस तर एवढंच लक्षात ठेव, की ते साध्या गाड्यांनाच चालतं आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर.

हेच गाव का, ते तू ओळखलं असशीलच. तू लोणारची. विवराच्या काठावर उभं राहिलं की जेमतेम 1.8 किलोमीटरचा तो सगळा खड्डा एका नजरेत मावतो. तिथलं रीस नावाचं विवरही उल्कापाताचंच, पण सुमारे 24 किलोमीटर रुंद आहे, दीड कोटी वर्षांपूर्वीचं, आणि नॉर्डलिंगन त्याच्या पोटात वसलंय. आत उभं राहून काहीच कळत नाही. म्हणून आधी सेंट जॉर्ज चर्चच्या मनोऱ्यावर चढ. लोक त्याला ‘डानिएल’ म्हणतात. नव्वद मीटर उंच, साडेतीनशे पायऱ्या. वरून लाल कौलांचं गोल गाव दिसतं आणि भलेभले त्यालाच विवर समजतात. तू फसू नकोस. तो गोल तटबंदीचा. विवराची कड म्हणजे पार क्षितिजाजवळची झाडीची धूसर रेघ. ती सापडेपर्यंत खाली उतरायचं नाही.

उतरलीस की चर्चच्या भिंतीला हात लाव. तो करडा दगड सुएव्हाइट, म्हणजे उल्कापातात वितळून, चुरा होऊन पुन्हा घट्ट झालेला खडक. त्यात सूक्ष्म हिरेही आहेत, पण डोळ्यांना दिसणारे नव्हेत, तेव्हा नखाने खरवडत बसू नकोस! आपल्या लोणारसारखंच रीसलाही लोक बराच काळ ज्वालामुखीचं काम समजत होते. 1960 साली शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांना इथल्या खडकात कोएसाइट सापडलं. प्रचंड दाबाखाली क्वार्ट्झचं होतं ते खनिज. साध्या ज्वालामुखीत तेवढा दाब येत नाही. वाद तिथेच मिटला. पुढे 1970 साली अपोलो 14चे अंतराळवीर शेपर्ड आणि मिचेल चंद्रावरचे दगड ओळखायला शिकण्यासाठी इथेच आले होते. रीसक्रेटर म्युझियममध्ये चंद्रावरचा एक दगड ठेवलाय. सोमवारी ते बंद असतं, म्हणून शनिवारी जा. रविवारी दुकानं बंद. खाण्याचं आधीच बघून ठेव, आणि थोडी रोकड जवळ असू दे.

तटबंदीवरून गावाला पूर्ण फेरी मारता येते, सुमारे 2.7 किलोमीटर, वर छप्पर असलेली वाट. ती संध्याकाळी कर. दिवसभराचे पाहुणे परतलेले असतात, घराघरांतून भांड्यांचे आवाज येतात. तुझ्या त्या तीन गावांच्या बेतात ही वेळ तुला मिळालीच नसती.

आणि दहा वाजता चर्चजवळ थांब. रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाला मनोऱ्यावरून पहारेकरी हाक देतो, ‘झो, ग्झेल, झो!’ म्हणजे साधारण ‘असं का, गड्या, असं!’ गोष्ट 1440ची सांगतात. शत्रूकडून लाच खाऊन पहारेकऱ्यांनी वेस उघडी ठेवली, एक डुक्कर तिच्या दाराला अंग घासायला लागलं, दार हललं, ते एका बाईने पाहिलं आणि ती हेच ओरडली. गाव वाचलं. खरं-खोटं मला विचारू नकोस. आपल्या लोणारच्या लवणासुराच्या गोष्टीचे पुरावे मी तुझ्या आजीकडे कधी मागितले नाहीत.

दगड आणू नकोस, मागच्या वेळी आणलेलेच कपाटात मावत नाहीत. ती हाक मात्र फोनवर रेकॉर्ड करून पाठव. तिथे उन्हाळ्यात दहा वाजतात तेव्हा इथे रात्रीचा दीड. मी सकाळी चहाबरोबर ऐकेन.

तुझे,
सर