‘अ एमबीए’ की ‘ॲन एमबीए’?

प्रश्न : नोकरीच्या इंग्रजी अर्जात मी ‘अ एमबीए’ आणि ‘अ युनिव्हर्सिटी’ असं लिहिलं होतं. सहकाऱ्याने पहिल्याचं ‘ॲन’ केलं, दुसरं तसंच ठेवलं. ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांआधी ‘ॲन’ लावायचं, असं शाळेत शिकलो. मग हे उलटं कसं?

उत्तर : सहकाऱ्याचं बरोबर आहे. शाळेतला नियम अर्धाच तुमच्यापर्यंत पोचला. निवाडा स्पेलिंगवर होत नाही, उच्चारावर होतो. आणि इथे मराठी माणसाचं फावतं. शब्द देवनागरीत लिहून बघा : सुरुवातीला स्वर आला तर ‘ॲन’, व्यंजन आलं तर ‘अ’. युनिव्हर्सिटी, युनिफॉर्म, युरोपियन यांच्या सुरुवातीला ‘य’ आहे, म्हणून ‘अ’. ‘वन-वे’ला ‘व’ आहे, तिथेही ‘अ’. अवर आणि ऑनेस्टमधला एच नुसता लिहिण्यापुरता, म्हणून ‘ॲन अवर’, ‘ॲन ऑनेस्ट मॅन’.

इंग्रजी अहवालांची मुद्रितं तपासण्यात माझी नोकरी गेली आणि लाल शाई सर्वांत जास्त सांडली ती संक्षेपांवर. ॲन एमबीए, ॲन एसएमएस, ॲन एक्स-रे. पण अ यूएफओ. अक्षरं सुटी न वाचता सलग शब्द म्हणत असाल, तर त्या शब्दाचा उच्चार धरायचा. म्हणून ‘अ नासा इंजिनिअर’, पण ‘ॲन एनबीए प्लेअर’. जी मंडळी ‘येम’, ‘येल’, ‘येस’ म्हणतात, त्यांच्यावर मात्र माझी युक्ती उलटेल. त्यांनी आधी तेवढा ‘य’ सोडावा.

मुळात ‘ॲन’च जुनं, अर्थ ‘एक’. पुढे व्यंजन आलं की त्यातला न गळत गेला. या ओढाताणीत कधी न भलत्याच शब्दाला सोडून गेला : ‘अ नेप्रन’ लोकांनी ‘ॲन एप्रन’ असं ऐकलं आणि आज आपण एप्रनच बांधतो.

प्रश्न : औपचारिक भाषणात ‘ॲन हिस्टॉरिक’ म्हणणं अधिक भारदस्त का?

उत्तर : भारदस्त नाही, जुनं. हिस्टॉरिकमध्ये जोर शब्दाच्या दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘टॉ’वर पडतो, त्यामुळे सुरुवातीचा ह दुबळा होतो आणि ‘ॲन’ खपून जातो. ‘हिस्टरी’त जोर पहिल्यावरच आहे, तिथे आज ‘अ’च. 1611च्या किंग जेम्स बायबलमध्ये तर ‘ॲन हाउस’सुद्धा आहे. ‘अ हिस्टॉरिक’ म्हणा. औपचारिक लेखनातही तेच रूढ आहे.

प्रश्न : बोलताना ‘अ कॉफी’ चालतं, मग ‘ॲन ॲडव्हाइस’ का नाही? आणि मेसेजमध्ये हे ‘अ’, ‘ॲन’ गाळले तर?

उत्तर : ‘अ कॉफी’ म्हणजे एक कप, ऑर्डर देताना सगळे तसंच म्हणतात. सल्ल्याला असा कप नाही. मराठीत आपण ‘एक सल्ला देते’ म्हणतो, त्यातून ‘ॲन ॲडव्हाइस’ जन्मतो, आणि तो गप्पांतही चुकीचाच. ‘सम ॲडव्हाइस’ किंवा ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणा. इन्फर्मेशन, फर्निचर, इक्विपमेंट यांचंही तसंच.

गाळण्याबद्दल : ‘फ्रेंड ऑफ माइन कॉल्ड’ असं वाक्याच्या तोंडाशी गाळलेलं मेसेजमध्ये खपतं, बातमीच्या मथळ्यातही. वाक्याच्या मध्ये गाळलं, ‘आय बॉट कार’ लिहिलं, की मित्रालाही खटकतं. पण अर्जात एक ‘अ’ विसरलात तर अर्थच फिरतो. ‘आय हॅव अ लिटल एक्स्पीरिअन्स’ म्हणजे थोडाफार अनुभव आहे. ‘अ’ गाळलात तर तुम्ही स्वतःच्या सहीनिशी कळवता, की अनुभव जवळजवळ नाहीच.